बेचाळीस भांडी आणि एक ओळ

चारचौघांत थक्क होऊन उभं राहण्याची वेळ माझ्यावर आयुष्यात दोनदाच आली. एकदा लग्नात, बायकोनं आढेवेढे न घेता उखाणा घेतला आणि त्यात यमकही जुळलं तेव्हा. दुसऱ्यांदा उमरग्यात, भांडी मंडळाच्या खोलीत, लाइट जाऊन परत आल्यावर. पहिल्या प्रसंगाबद्दल घरात जास्त बोलायची सोय नाही, म्हणून दुसरा सांगतो.

आमचं भांडी मंडळ बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. लग्नाला, वास्तुशांतीला मोठी भांडी लागतात. पातेली, पराती, कढया, हंडे. ती एकेकट्यानं घेऊन ठेवण्यात अर्थ नाही म्हणून पूर्वीच्या लोकांनी सगळ्यांची मिळून घेतली. भाडं नाही, अनामत नाही. आणि कार्य उरकलं की भांडी खोलीवर परतही येत नाहीत, ती थेट पुढच्या कार्याच्या घरी जातात. सास्तूरला भरलेला टेंपो नळदुर्गला रिकामा होतो, नळदुर्गला भरलेला आणखी कुठं. लग्नसराईत ही भांडी दोन-दोन महिने खोलीचं तोंड बघत नाहीत. खोलीत कायम असायच्या त्या फक्त रुद्रम्मा अव्वा आणि त्यांचे डबे.

अव्वा पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांच्याकडं बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, एका घराला एक डबा, एका भांड्याला एक चिंचोका. भांडी ह्या घरून त्या घरी निघाली की अव्वा आधी मोठ्यानं म्हणायच्या, "अमक्याच्या घरून तमक्याच्या घरी, बेचाळीस." मग पहिल्या डब्यातले चिंचोके मोजून पदरात घ्यायच्या आणि बसून राहायच्या. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही होकार आला की पदर दुसऱ्या डब्यात रिकामा. मधेच कुणी हाक मारली, कुणाचा फोन लागला नाही, मोजणीत खंड पडला, की सगळे चिंचोके परत पहिल्या डब्यात आणि पुन्हा पहिल्यापासून. एका देवाणघेवाणीला कधीकधी अर्धा दिवस. मला हे बघवत नसे. पण चाळीस वर्षांत मंडळाचा एक झाराही हरवला नव्हता, हे मला त्या वेळी फारसं महत्त्वाचं वाटलं नाही.

मी कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. गाव मला भाऊसाहेब म्हणतं. मंडळाचा सचिव झालो आणि पहिल्याच सभेत उभं राहून म्हणालो, "एकविसाव्या शतकात मंडळ चिंचोक्यांवर चालणं आपल्याला शोभत नाही."

अध्यक्ष वीरप्पा आण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "मग शोभंल ते करा. पन लेखी करा."

झालं. कुणीतरी दान दिलेला कॉम्प्युटर खोलीत आला. एका क्लासवाल्यानं जुन्या सीडीवरून सगळं बसवून दिलं. एक बटण दाबलं की भांडी देणाऱ्याच्या नावावरून वजा, मग घेणाऱ्याच्या नावावर जमा. त्यात मी स्वतःच्या डोक्यातली एक सुधारणा करवून घेतली. एखादं भांडं कुणाच्याच नावावर सापडलं नाही, तर सगळ्या नऊशे सभासदांच्या फोनवर आपोआप मेसेज जायचा. या सूचनेला सभेत टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात, पण आता वेगळ्या वाटतात.

अव्वांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. अव्वांनी शाल घेतली, नारळ घेतला आणि डबे पिशवीत भरून घरी नेले. माझ्या ते लक्षात आलं होतं. म्हातारीची हौस म्हणून मी काही बोललो नाही.

सास्तूरच्या धोंडीबाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. बेचाळीस भांडी तिथून नळदुर्गला सिद्धारामाच्या घरी गेली, त्याच्या मुलाचं लग्न होतं. सकाळी अकरा वाजता मी खोलीत बसून ऐटीत बटण दाबलं. कॉम्प्युटर तसा आमच्याच पिढीचा. एकेक भांडं वजा करत, मधे दम खात तो चालला होता. वजाबाकी संपली आणि लाइट गेली.

लाइट जाण्याचं आम्हाला काही वाटत नाही. मी पान खाऊन आलो. अर्ध्या तासानं लाइट आली, कॉम्प्युटर जागा झाला, आणि मी खुर्चीवर टेकायच्या आत माझ्याच खिशात फोन वाजला. मेसेज होता: 'गहाळ: ४२ भांडी. शेवटचा ताबा: धोंडीबा, मु. सास्तूर.'

नऊशे फोनांवर तो एकाच वेळी वाजला. उमरग्याच्या बाजारात त्या क्षणी वीस-पंचवीस माणसं एकदम खिशात हात घालताना दिसली, असं महांतप्पानं नंतर सांगितलं. महांतप्पा म्हणजे माझा शेजारी. वाईट बातमीचा साक्षीदार व्हायला तो नेहमी हजर असतो.

मी सिद्धारामाला फोन लावला. तो म्हणाला, "भांडी हाईत की हितं, भाऊसायेब. मसालेभात चढलाय त्यात. घमघमाट सुटलाय, येता का?"

मी घाईघाईनं दुरुस्तीचा मेसेज टाकला. पहिला नऊशे जणांनी वाचला होता, दुसरा अकरा जणांनी. त्यातल्या सहा जणांनी मला विचारलं, "मेसेज बदलायला धोंडीबानं लई दाब आणला का हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडीबा आला. पन्नाशीचा, उंच, कमी बोलणारा शेतकरी. त्यानं चहा नाकारला. आमच्याकडं पाहुण्यानं चहा नाकारला की घरातले लोक आतून बाहेर येतात. माझी बायको महेश्वरी दारात येऊन उभी राहिली.

"भाऊसायेब," धोंडीबा म्हणाला, "म्या आजवर कुनाचा चमचा ठिवून घेतला न्हाय."

"अरे बाबा, मला ठाऊक आहे. लाइट गेली म्हणून..."

"तुमाला ठावं हाय. माझ्या व्याह्याला न्हाय. वैशाखात सोनालीचं लगीन हाय. व्याही उमरग्याचेच, तुमच्या मंडळातले. काल फोन आला. म्हनले, आमी काय म्हनत न्हाय, पन..."

तो 'पन'वर थांबला. मुलीच्या बापाला त्या एका शब्दापुढं काय काय दिसतं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्याच सुधारणेची लाज वाटली.

"माफी नको," तो उठत म्हणाला. "चार मानसांत दाखवा, की लाइट गेली म्हनून पुन्हा कुनाच्या नावावर आसं पडनार न्हाय. न्हाईतर सोनालीच्या लग्नात तुमची भांडी मला नकोत."

बाहेरच्याला ही धमकी किरकोळ वाटेल. पण आमच्या भागात मंडळाच्या भांड्यांशिवाय लग्न लागलं, तर तीन पिढ्या विचारतात की त्या घराचं काय चुकलं होतं.

मग सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. महांतप्पा स्वतःचा यूपीएस घेऊन आला आणि म्हणाला, "लाइट गेली तरी ह्यो हाय." लाइट गेली. यूपीएसनं तीनदा शिट्टी मारली आणि तोही गेला. कुणी म्हणालं, कॉम्प्युटरचं तोंड पूर्वेला करा. ते केलं. त्यामुळं वायर पुरेना आणि मी दोन दिवस उभ्यानं काम केलं. बायको एवढंच म्हणाली, "अहो, रुद्रम्मा अव्वांना एकदा विचारा ना." ज्या बाईला मी शाल घालून घरी बसवलं, तिलाच विचारायला जायचं? हेडक्लार्कलाही काही मान असतो. मी गेलो नाही.

त्याऐवजी पुतणीला फोन केला. शिवप्रिया पुण्यात एका कंपनीत याच कामावर आहे. तिनं मला फोनवरूनच कॉम्प्युटरात इकडंतिकडं बघायला लावलं आणि शेवटी विचारलं, "काका, क्लासवाल्याला इंजिन कुठलं घाल म्हणून सांगितलं होतं?"

"मी काहीच सांगितलं नव्हतं."

"म्हणून डीफॉल्ट आलं. टपरीवर तुम्ही नुसतं 'एक चहा' म्हटलं तर काय मिळतं?"

"साखरेचा मिळतो." मला मधुमेह आहे, त्यामुळं हा प्रश्न मला लागला.

"तसंच. काही न सांगता जे मिळतं ते डीफॉल्ट. आपली माहिती टेबलांत, म्हणजे तक्त्यांत असते आणि ती डिस्कवर लिहायचं काम एक इंजिन करतं. तुमची सीडी फार जुनी. तेव्हा काही सांगितलं नाही तर मायआयसॅम नावाचं इंजिन मिळायचं. साधं, वाचायला चपळ. पण अर्धं काम झालं आणि लाइट गेली, तर ते अर्धंच राहतं."

"पण क्लासवाला म्हणत होता, त्यानं प्रोग्रॅममधे लिहिलंय की दोन्ही कामं व्हावीत, नाहीतर एकही होऊ नये."

"लिहिलंय, मी बघितलं. पण मायआयसॅमला हे सांगितलं की ते हो म्हणतं आणि करत नाही. तक्रारसुद्धा करत नाही."

मी चाळीस वर्षं सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजात नोकरी केली आहे. हा स्वभाव मला लगेच समजला.

"आणि आता?"

"आता, म्हणजे दोन हजार दहापासून, काही सांगितलं नाही तर इनोडीबी मिळतं. ते कुठलाही बदल करण्याआधी काय करणार आहे ते एका वहीत लिहून ठेवतं. जुनं काय होतं तेही जपतं. मधेच लाइट गेली तर जागं झाल्यावर वही वाचतं, आणि अर्धं राहिलेलं सगळं होतं तसं परत ठेवतं."

फोन ठेवल्यावर मी मनात चित्र रंगवू लागलो. कुठल्यातरी देशात काही माणसं एका टेबलाभोवती बसली असतील आणि त्यांनी ठरवलं असेल, की ज्याला विचारायचं सुचणारसुद्धा नाही त्याला सांभाळून काम करणारं इंजिन मिळू दे. उमरग्यातला कुणी हेडक्लार्क त्यांच्या स्वप्नात नसेल, सास्तूरचा धोंडीबा तर नसेलच. तरी त्यांनी आमच्यासाठी विचार करून ठेवला होता, आणि तो आमच्यापर्यंत पोचला नव्हता कारण आमची सीडी जुनी होती. मला एकदम भरून आलं. महेश्वरीनं विचारलं, "साखर वाढली का?"

पण नवं बसवायचं म्हणजे मंडळाचा ठराव हवा. वीरप्पा आण्णा म्हणाले, "नियमानं तीन दरपत्रकं लागतात."

"आण्णा, ते फुकट आहे."

"मग तीन ठिकानाहून फुकटची आना."

मी तीन क्लासवाल्यांकडून 'किंमत: शून्य रुपये' असं शिक्क्यानिशी लिहून आणलं. तिघांनीही शिक्क्याचे दहा-दहा रुपये घेतले. सभेत चर्चा होऊन सर्वांत कमी दराचं दरपत्रक मंजूर झालं. ते सर्वांत कमी कसं ठरलं, ते इतिवृत्तात आहे, पण मी पुन्हा वाचायचं धाडस केलेलं नाही.

शिवप्रिया म्हणाली होती, "काका, मी रविवारी येते, तोवर थांबा." पण दरपत्रकं आणणारा माणूस थांबत नसतो. मी शुक्रवारीच क्लासवाल्याकडून नवी आवृत्ती बसवून घेतली, सभासद गोळा केले, धोंडीबाला सन्मानानं पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि दोन हजार दहा सालापासून भाषण सुरू केलं. मग जुनीच नोंद पुन्हा लावली, धोंडीबाकडून सिद्धारामाकडं, बेचाळीस. बटण दाबलं. वजाबाकी संपताच स्वतःच्या हातानं प्लग उपटला. प्लग लावला. कॉम्प्युटर जागा झाला.

खोलीतले चाळीस फोन एकदम वाजले. 'गहाळ: ४२ भांडी. शेवटचा ताबा: धोंडीबा, मु. सास्तूर.' मेसेजची सोय बंद करायची राहून गेली होती.

कुणीतरी हसलं. धोंडीबानं खांद्यावरचा पंचा नीट केला, मला नमस्कार केला आणि निघून गेला. तो मला शिव्या देऊन गेला असता तर मला जेवण गेलं असतं.

रविवारी शिवप्रिया आली. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "काका, टपरीवाल्यानं ठरवलं की आजपासून सगळ्यांना बिनसाखरेचा चहा. पण तुमच्या हातात आधीच असलेल्या कपातली साखर निघून जाईल का?"

"नाही."

"डीफॉल्ट फक्त नव्या टेबलांना लागतं. तुमचं जुनं टेबल जुन्याच इंजिनावर आहे. त्याला कुणी बदल म्हणालंच नाही."

तिनं एक ओळ लिहिली. हे टेबल घे, ह्याचं इंजिन बदलून इनोडीबी कर, एवढाच तिचा अर्थ. बटण दाबलं. दोन सेकंद. मी तीन दरपत्रकं, एक ठराव आणि दोन अपमान खर्चून जे करू शकलो नव्हतो, ते त्या एका ओळीनं झालं. मग आम्ही दोघांनी दार लावून अकरा वेळा प्लग उपटला. अकराही वेळा भांडी होती तिथंच परत आली. बाराव्या वेळी मी प्लगला हात लावण्याआधी नमस्कार केला. शिवप्रियानं तोंड फिरवलं, बहुतेक हसू दाबायला. मग तिनं ती बेचाळीस भांडी सिद्धारामाच्या नावावर नीट चढवून दिली.

पण माझं काम बाकी होतं. मी मोटरसायकलवर सास्तूरला गेलो. धोंडीबा बैलांना वैरण टाकत होता. मी म्हणालो, "धोंडीबा, यंत्राची चूक होती असं मी म्हणत होतो. चूक माझी होती. मी काय घेतोय ते विचारलं नाही, आणि तुझं नाव नऊशे घरांत टाकलं. एकदा ये. प्लग तूच उपट." तो वैरण टाकत राहिला. पण या वेळी त्याच्या घरचा चहा आला. साखरेचा होता. मी सगळा प्यायलो.

ठरलेल्या दिवशी खोली भरली. नळदुर्गहून सिद्धाराम आला, धोंडीबा आला, त्याचे व्याहीही आले. ते मागं, हाताची घडी घालून उभे. सोनालीच्या लग्नासाठी भांडी नळदुर्गच्या सिद्धारामाकडून सास्तूरला जायची होती, ती खरीच नोंद करायची ठरलं. शिवप्रियानं दाखवण्यापुरती वजाबाकी आणि बेरीज यांच्यामधे वीस सेकंदांची थांबण्याची सोय केली होती. मेसेजची सोय आम्ही मुद्दाम चालू ठेवली होती. धोंडीबाचाच तसा हट्ट होता.

आणि तेवढ्यात दारातून रुद्रम्मा अव्वा आल्या. हातात पिशवी, पिशवीत डबे. कुणाला काही न विचारता त्या कॉम्प्युटरशेजारी जमिनीवर बसल्या.

"अव्वा, आता हे..." मी म्हणू लागलो.

"तू तुझं कर की. म्या माझं करते. म्या कवा थांबले व्हते?"

म्हणजे हे सगळे दिवस, माझ्या भांड्यांना आकाश-पाताळात जागा नव्हती तेव्हा, ती बेचाळीस भांडी अव्वांच्या डब्यात सिद्धारामाच्या नावावर शांत पडून होती. मला कुठं बघावं ते कळेना. महेश्वरी माझ्याकडं बघत होती, म्हणून मी पडद्याकडं बघितलं.

"सिद्धारामाच्या घरून धोंडीबाच्या घरी, बेचाळीस," अव्वा मोठ्यानं म्हणाल्या आणि चिंचोके पदरात घेतले. मी बटण दाबलं. वजाबाकी संपली. वीस सेकंद सुरू झाले. धोंडीबानं प्लगकडं हात नेला, आणि त्याचं बोट लागायच्या आत लाइट आपणहून गेली.

खोलीत अंधुक झालं. अव्वांनी वर बघितलं, बंद पडलेल्या पंख्याकडं. मग अगदी सवयीनं, जराही घाई न करता, त्यांनी पदर उचलला आणि सगळे चिंचोके परत सिद्धारामाच्या डब्यात ओतले.

पाऊण तास आम्ही बसून राहिलो. एकही माणूस उठला नाही. लाइट आली. कॉम्प्युटर घरघरला, जागा झाला. नऊशे सभासदांपैकी जेवढे त्या खोलीत होते तेवढ्यांनी हात खिशावर ठेवले. एकही फोन वाजला नाही. पडद्यावर आलं: 'सिद्धाराम, नळदुर्ग: ४२.'

मी पडद्याकडं बघितलं, मग अव्वांच्या डब्याकडं. दोन्हीकडं तेच. आधी बोलून ठेवणं, मग हात लावणं, दोन्हीकडून होकार येईपर्यंत कुठंच न टाकणं आणि खंड पडला की होतं तसं परत ठेवणं. जगातल्या हुशार लोकांनी विचार करकरून जे इंजिन बनवलं, ते माझ्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षं जमिनीवर बसून काम करत होतं. त्याला मी शाल घालून घरी पाठवलं होतं. मी खुर्चीतून उठलो तो बसलोच नाही.

"पुन्हा दाबा," धोंडीबा म्हणाला. मी दाबलं. लाइट टिकली. पडद्यावर 'धोंडीबा, सास्तूर: ४२' आलं. अव्वांनी पुन्हा मोठ्यानं म्हटलं, दोघांकडं बघून होकार घेतला आणि पदर दुसऱ्या डब्यात रिकामा केला. मागं व्याह्यांनी हाताची घडी सोडली. ते पुढं आले आणि धोंडीबाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "टेंपो आमचा पाठवू का?" धोंडीबानं पंच्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

गर्दी पांगल्यावर मी अव्वांच्या शेजारी जमिनीवर बसलो. पँटीची इस्त्री मोडली, पण मोडू दे.

"अव्वा, अर्धवट राहिलं की परत पहिल्या डब्यात घालायचं, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

अव्वा डब्यांची झाकणं लावत होत्या. त्यांना माझा प्रश्न जरा खुळाच वाटला.

"शिकवायचं काय त्यात? कुनी काय सांगितलं न्हाय, तर असंच करायचं असतंय."